चांद्याच्या उन्हातला बर्फ

चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला ऊन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. या चंद्रपूरचे जुने नाव चांदा. त्या चांद्याजवळ, पैनगंगेच्या पात्रात, इरई गावापाशी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या फ्रान्सिस फेडन यांना चुनखडकाचा एक गुळगुळीत पट्टा दिसला. त्यावर चरे होते. लांबच लांब, एकमेकांना समांतर, कुणी प्रचंड कानस फिरवावी तसे. युरोपातल्या भूवैज्ञानिकाला असे चरे ओळखायला वेळ लागत नसे, कारण आल्प्सच्या दऱ्यांत ते जागोजागी होते. हिमनदी आपल्या तळाशी दगडगोटे गोठवून घेते आणि त्यांच्यासकट खालच्या कातळावरून घासत पुढे सरकते. बर्फ वितळून जातो, चरे राहतात. १८७५ साली फेडन यांनी हे छापून टाकले. हिंदुस्थानातल्या सर्वांत तापणाऱ्या मुलखांपैकी एका मुलखात कधीकाळी बर्फ सरकत होता.

खंड हलतात, हे आज शाळेतली मुले सहज सांगतात. मात्र हा शोध ज्या कोड्यापासून सुरू झाला, त्यातला मोठा भाग आपल्या विदर्भात, ओडिशात आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात होता, हे क्वचितच सांगितले जाते.

फेडन यांच्या एकोणीस वर्षे आधीची गोष्ट. १८५६ साली विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे भाऊ ओडिशातल्या तालचेरचा कोळसा मोजायला गेले. दोघेही विशीतले. सरकारला कोळसा हवा होता, कारण देशात आगगाडी नुकतीच धावू लागली होती. कोळशाच्या थरांखाली या भावांना एक विचित्र थर सापडला. मऊ, बारीक चिखलाचा खडक आणि त्यात रुतून बसलेले माणसाएवढे धोंडे. पाण्याचा एक साधा नियम आहे. धोंडे वाहून नेणारे पाणी जोराचे असते, आणि जोराच्या पाण्यात बारीक चिखल तळाशी बसत नाही. जिथे चिखल बसतो, तिथपर्यंत धोंडे पोचत नाहीत. मग दोन्ही एकाच थरात कसे? भावांनी धीर करून लिहिले की हे धोंडे बर्फाने आणले असावेत. त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच निघाले. पुढे हाच हेन्री ब्लॅनफर्ड भारताच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीची हवा खडकात वाचू पाहणारा तरुण नंतर आजची हवा वाचू लागला, हा योग मला फार आवडतो.

त्याच सुमारास नागपुरात एक स्कॉटिश मिशनरी दगड फोडत हिंडत होता. स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात होते. त्यांच्या नावाचे कॉलेज आजही तिथे आहे. आठवडाभर शाळा आणि प्रवचने, आणि सवड मिळाली की रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांच्यासोबत कामठी, सिलेवाडा, टाकळी, मांगली अशा गावांकडे पायपीट. कामठी-सिलेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना पानांचे ठसे मिळाले. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. या वनस्पतीला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रोंनियार यांनी १८२८ सालीच ग्लॉसोप्टेरिस, म्हणजे जिभेसारखे नेचे, असे नाव दिले होते. (ते नेचे नव्हते, बियांची झाडे होती, हे पुष्कळ नंतर कळले.) हिस्लॉप यांनी ठसे लंडनला पाठवले आणि १८६१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले.

हिस्लॉप नुसते दगड गोळा करत नव्हते. गोंडांची भाषा, त्यांचे विधी, लिंगोची लांबलचक गाथा हेही त्यांनी उतरवून घेतले. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर शिळा ठेवली आणि लिंगोने त्यांना सोडवले, ती ही गाथा. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते वाहून गेले. त्यांच्या गोंडांविषयीच्या नोंदी १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापल्या. ज्या माणसाने गोंडांची गाथा आणि गोंडांच्या भूमीतली पाने दोन्ही जपून ठेवली, त्याला त्या भूमीचे नाव पुढे कुठवर जाणार आहे हे पाहायला मिळाले नाही, याची हळहळ वाटते.

ते नाव दिले भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे हेन्री मेडलिकॉट यांनी. तालचेरचा धोंड्यांचा थर, त्यावरचा कोळसा, त्यावरचे पाने असलेले वालुकाश्म, हे सारे एकाच मालिकेतले आहेत आणि ते नर्मदेपासून गोदावरीपर्यंत जुन्या गोंड राज्यांच्या मुलखात पसरले आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. गढा-मंडला, देवगड, खेरला, चांदा ही ती राज्ये. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडचाच. १८७२ सालच्या एका हस्तलिखित अहवालात मेडलिकॉट यांनी या खडकांना ‘गोंडवाना’ म्हटले आणि १८७६ साली ओटोकार फाइस्टमांटेल यांच्या लेखनातून ते नाव छापले गेले. गोंडांची राज्ये मोडून त्या वेळी शतकभराचा काळ लोटला होता. नाव तेवढे खडकाला चिकटले.

आता कोडे मोठे होऊ लागले. तीच जिभेसारखी पाने ऑस्ट्रेलियात सापडली, दक्षिण आफ्रिकेत सापडली, पुढे दक्षिण अमेरिकेतही. आणि प्रत्येक ठिकाणी पानांच्या थराखाली तोच चिखलात रुतलेल्या धोंड्यांचा थर. एखादे बी वाऱ्याने समुद्रापार गेले असे म्हणता येते. पण खाली बर्फ, वर कोळसा आणि त्यात तीच पाने, हा क्रमच्या क्रम चार खंडांत कसा उडून जाईल?

व्हिएन्नाचे प्राध्यापक एडुआर्ड झ्यूस यांनी उत्तर दिले. हा माणूस विलक्षण होता. व्हिएन्ना शहराला डोंगरातले स्वच्छ पाणी आणण्याची योजना त्यांनीच तडीस नेली होती. ‘पृथ्वीचा चेहरा’ हा अनेक भागांचा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि १८८५ च्या सुमारास त्यात हिंदुस्थान, आफ्रिका, मादागास्कर यांना जोडणाऱ्या एका विशाल प्राचीन भूमीचे नाव घातले: गोंडवाना-लँड. त्यांच्या मते पृथ्वी तापलेल्या गोळ्यासारखी हळूहळू निवत होती आणि सुकत चाललेल्या सफरचंदासारखी तिची साल सुरकुतत होती. सुरकुत्या म्हणजे पर्वत, खचलेले भाग म्हणजे समुद्र. गोंडवाना-लँडचे मधले तुकडे खचून समुद्रात बुडाले आणि उरले ते आजचे खंड. जागेवरून कुणी हलले नाही. जमीन फक्त बुडाली.

आपल्याला द्वारका बुडाल्याची कथा ठाऊक असते, त्यामुळे बुडालेली जमीन मनाला पटते. युरोपीय विद्वानांनाही ती पटली. फिलिप स्क्लेटर यांनी १८६४ सालीच मादागास्कर आणि हिंदुस्थान यांमध्ये लेम्युरिया नावाचा बुडालेला खंड कल्पिला होता. पण या कल्पनेला एक तडा होता आणि तोही हिंदुस्थानातच पडला होता. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या हिंदुस्थानाच्या मोजणीत कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांमधले अंतर ताऱ्यांवरून एक येई आणि जमिनीवरच्या मोजणीवरून दुसरे. फरक होता ५·२३६ सेकंद (कोनाचे, वेळेचे नव्हे). हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढते, म्हणून हा फरक पडत असावा. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी गणित मांडले, तर हिमालयाची ओढ जवळपास तिप्पट असायला हवी होती. पर्वत दिसतो तेवढा जड नव्हता. १८५५ साली इंग्लंडचे जॉर्ज एअरी यांनी याचा उलगडा केला: पर्वताखाली हलका खडक आहे आणि खालच्या जड थरावर तो तरंगतो आहे. खंडांचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, समुद्रतळ बेसाल्टचा. ग्रॅनाइट हलका. मग पाण्यावर तरंगणारा ओंडका जसा तळाशी जाऊन बसत नाही, तसा खंडही समुद्रात बुडू शकत नाही. हे गणित झ्यूस यांच्या ग्रंथाच्या तीस वर्षे आधीचे होते. तरी बुडालेली गोंडवाना-लँड पुढची पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकली.

खंड बुडत नसतील, आणि एकेकाळी ते जोडलेले असतील, तर एकच शक्यता उरते. ती मोठ्याने बोलून दाखवली आल्फ्रेड वेगेनर यांनी. ते भूवैज्ञानिक नव्हते. पदवी खगोलशास्त्रात, काम हवामानाचे. १९०६ साली भाऊ कुर्टसोबत बलूनमध्ये सलग ५२ तास राहून त्यांनी विक्रम केला होता आणि त्याच वर्षी ते ग्रीनलंडच्या बर्फावर गेले होते. १९१० च्या नाताळात मारबुर्ग इथे एका मित्राचा नवा नकाशासंग्रह चाळताना अटलांटिकचे दोन काठ एकमेकांत बसतात हे त्यांच्या मनात भरले. हे आधीही अनेकांना दिसले होते. वेगेनर यांचे वेगळेपण पुढे आहे. त्यांनी दोन्ही काठांवरचे खडक, जीवाश्म, पर्वतरांगा आणि बर्फाचे चरे एकत्र मांडले. ६ जानेवारी १९१२ ला फ्रँकफुर्ट इथे त्यांनी भूवैज्ञानिकांसमोर भाषण दिले: खंड आडवे सरकले आहेत.

त्याच आठवड्यांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे चार सोबती दक्षिण ध्रुवाकडे स्लेज ओढत होते. १७ जानेवारीला ते पोचले, तेव्हा नॉर्वेच्या आमुन्सेनचा झेंडा तिथे आधीच फडकत होता. परतीच्या वाटेवर, फेब्रुवारीत, बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला एडवर्ड विल्सन यांनी खडकांतले पानांचे ठसे गोळा केले. पुढे अन्न संपले, पाय गोठले, पण ते दगड त्यांनी टाकले नाहीत. नोव्हेंबरमध्ये तंबूत गोठलेले मृतदेह सापडले आणि जवळ सुमारे १६ किलो दगड. त्यांत ग्लॉसोप्टेरिस होते. कामठीचे, सिलेवाड्याचे तेच पान, दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर. मरणाऱ्या माणसांनी शेवटपर्यंत ओढत आणलेल्या या ओझ्याविषयी वाचले की मन भरून येते.

वेगेनर यांनी पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यावर, विश्रांतीच्या काळात पुस्तक पुरे केले. ते १९१५ साली आले. सासरे व्लादिमिर क्योपेन हे हवामानाचे थोर अभ्यासक. त्यांच्यासोबत वेगेनर यांनी जुन्या हवामानांचे नकाशे काढले, आणि त्यात चांद्याचा बर्फ आपोआप जागेवर बसला. खंड आहेत तिथेच ठेवले, तर तालचेरच्या काळात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना बर्फ मानावा लागतो आणि आफ्रिकेतले काही चरे तर बर्फ समुद्रातून जमिनीवर चढला असे सांगतात. खंड दक्षिणेला एकत्र जोडले, की सगळे चरे एका बर्फाच्या चादरीतून बाहेर पडतात.

तरी त्यांना मानले गेले नाही. १९२६ साली न्यूयॉर्कच्या परिसंवादात त्यांच्यावर कठोर टीका झाली. विरोधकांना आंधळे ठरवणे आज सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. खंड कशाने ढकलले जातात, याचे वेगेनर यांनी दिलेले उत्तर चुकीचे होते. पृथ्वीच्या फिरण्याचा जोर आणि भरती-ओहोटीची ओढ त्यांनी सुचवली, आणि हॅरल्ड जेफ्रीज यांनी दाखवून दिले की ही बळे लाखो पटींनी अपुरी आहेत. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकते असेही वेगेनर मानत होते. प्रत्यक्षात तो वेग सेंटिमीटरांत असतो. त्यांचा पुरावा खरा होता, यंत्रणा चुकीची.

ऑक्टोबर १९३० ची अखेर. ग्रीनलंडच्या किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या मधोमध असलेल्या ठाण्यावर रसद पोचवायला निघालेले वेगेनर तिथे पोचले. १ नोव्हेंबरला त्यांनी पन्नासावा वाढदिवस तिथेच साजरा केला आणि रासमुस व्हिलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुणासोबत परत निघाले. ते किनाऱ्यावर पोचले नाहीत. मे १९३१ मध्ये बर्फात उभ्या केलेल्या स्कीजवरून त्यांची जागा सापडली. व्हिलुमसेनने त्यांना नीट पुरले होते. तो स्वतः कधीच सापडला नाही. वेगेनर यांचा देह तिथेच ठेवला गेला. त्यावर दरवर्षी बर्फ साठत गेला आणि तो बर्फ अजून समुद्राकडे सरकतो आहे.

वाद मात्र दक्षिणेत जिवंत राहिला, कारण तिथल्या लोकांच्या पायाखालीच पुरावा होता. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यू तॉय यांनी दक्षिण अमेरिकेत जाऊन थर ताडून पाहिले आणि १९३७ साली भटक्या खंडांवरचे आपले पुस्तक वेगेनर यांना अर्पण केले. भारतात बिरबल साहनी ग्लॉसोप्टेरिसच्या अंगाने खंडवहनाकडे पाहत होते. यंत्रणेचे नेमके सूत्र सांगितले इंग्लंडच्या आर्थर होम्स यांनी. किरणोत्सर्गाने पृथ्वीच्या पोटात उष्णता निर्माण होत राहते. त्यामुळे कवचाखालचे घन खडकाचे प्रावरणही युगानुयुगे, चुलीवरच्या पातेल्यातल्या आमटीसारखे, वर येते, पसरते आणि खाली जाते. त्या प्रवाहावर खंड वाहतात. १९३१ साली हे छापले गेले. पण सिद्ध कसे करणार?

सिद्ध करण्याची एक वाट सह्याद्रीतून गेली. लाव्हा थिजून निवताना त्यातल्या लोहयुक्त कणांचे चुंबकत्व त्या काळच्या चुंबकीय उत्तरेकडे वळून गोठते. विषुववृत्तावर चुंबकसूची आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तशी कलत जाते. म्हणून दगडातल्या चुंबकत्वाचा कल मोजला, की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले नोबेल विजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांनी अत्यंत संवेदनशील चुंबकमापक बनवला होता. त्यांच्या गटातले जॉन क्लेग आणि सहकारी दख्खनच्या पठारावरचे बेसाल्टचे नमुने मोजू लागले आणि १९५६ साली त्यांचे निष्कर्ष आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे नेले. उत्तर स्पष्ट होते. आपले गड ज्या काळ्या पाषाणावर उभे आहेत, तो पाषाण विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ३० अंशांच्या आसपास थिजला होता. आज मुंबई उत्तरेला १९ अंशांवर आहे. येताना भूमीने डाव्या बाजूला एक गिरकीही घेतली होती. लाव्हाचे वय सुमारे ६·६ कोटी वर्षे. एवढ्या काळात ही जमीन पाच हजार किलोमीटरहून जास्त सरकली.

झ्यूस यांच्या बुडालेल्या जमिनीने पानांचे उत्तर देता येत होते, अगदी बर्फाचेही ओढूनताणून देता येत होते. दगडातल्या चुंबकाचे मात्र ती देऊ शकत नव्हती.

शेवटचा धागा आपल्या बाजूच्या समुद्रातच होता. १९६२ साली ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने भारत आणि आफ्रिका यांच्या दरम्यानच्या कार्ल्सबर्ग या समुद्रतळाच्या पर्वतरांगेवरून चुंबकीय मोजणी केली. ती आकडेवारी ड्रमंड मॅथ्यूज यांनी आपला विद्यार्थी फ्रेड व्हाइन याच्या हाती दिली. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. रांगेच्या मधल्या भेगेतून नवा लाव्हा वर येऊन दोन्ही बाजूंना सरकत असेल, तर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे दोन्ही अंगांना उमटायला हवेत. पट्टे तसेच होते. सप्टेंबर १९६३ मध्ये हा लेख आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत भूपट्टांचे शास्त्र उभे राहिले. बाकीचे भराभर झाले, कारण पुरावा शंभर वर्षे साठत आला होता.

मग चित्र असे दिसले. समुद्रतळ सारखा नवा होतो आणि दुसऱ्या कडेला पृथ्वीच्या पोटात परत जातो. म्हणून जवळजवळ सगळा समुद्रतळ २० कोटी वर्षांहून तरुण आहे. खाली जाणारा तळ आपल्यासोबत पाणी नेतो, त्या पाण्याने वरचा खडक वितळू लागतो आणि त्यातून हलका, ग्रॅनाइटच्या जातीचा रस वर येऊन साठतो. खंड असे तयार होतात. ते खाली जात नाहीत, म्हणून टिकतात. गोंडांच्याच बस्तरमध्ये ३०० कोटी वर्षांहून जुना खडक पायाखाली आहे.

गोंडवाना सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी फुटू लागली. १३ कोटींच्या आसपास भारत अंटार्क्टिकापासून सुटला, ९ कोटींच्या सुमारास मादागास्कर मागे राहिला आणि लाव्हा ओतला जात असतानाच्या काळात सेशेल्सही तुटले. नंतर भारत वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने उत्तरेला धावला. खंडाच्या मानाने हा वेग अफाट आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला, मधला टेथिस समुद्र मिटला आणि हिमालय उभा राहू लागला. धडक अजून संपलेली नाही, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर चालूच आहे.

आणि चांद्याचा बर्फ? तो मागे हटला, तेव्हा वितळलेल्या पाण्याच्या दलदलीत ग्लॉसोप्टेरिसची रानेच्या राने वाढली. ती मरून, गाडली जाऊन, दबून कोळसा झाली. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूरच्या खाणींतून आज तोच कोळसा निघतो आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात जळतो. मे महिन्याच्या दुपारी, पारा ४७ वर असताना, तिथल्या घरात कूलर लावला जातो, तो बर्फाच्या काठावर उगवलेल्या त्या रानावर चालतो.